दलाल कोणाचा? : एका जाहिरात-संस्थेचा इतिहास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्याख्यानासाठी चिटणीसांनी मला पाचारण केले आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली. ह्या व्यासपीठावरून आपण इतिहास, संतवाङ्मय, आरोग्य अशा विषयांवर विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. मी विद्वान नव्हे. माझी सारी हयात दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली. तेव्हा ज्यात व्यापार आहे, हिशेब आहे आणि त्या दोहोंच्या मागे नीतीचाही एक प्रश्न उभा आहे, असा विषय आपणापुढे मांडावा असे वाटले. तो विषय मला आपल्या स्मरणिकेनेच सुचविला.

स्मरणिका हाती पडली म्हणजे आपण काय करतो? गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे पाहतो, अहवालावरून नजर फिरवितो, ओळखीची नावे शोधतो. आणि जाहिरातींची पाने मात्र भराभर उलटतो. वास्तविक कागद, छपाई आणि बांधणी ह्यांचा भार तीच पाने वाहतात. कोणी सराफ, कोणी कंत्राटदार, कोणी औषधविक्रेता बंधू प्रेमाखातर म्हणा, भिडेखातर म्हणा, अर्धे पान घेतो. आमचे तरुण कार्यकर्ते ती जाहिरात आणण्यासाठी चार वेळा त्याच्या दुकानाची पायरी चढतात. आता हा जो जाहिरात आणणारा मनुष्य, तो कोणाचा? पान विकणाऱ्या मंडळाचा, की पान विकत घेणाऱ्या दुकानदाराचा? आपल्या घरगुती व्यवहारात हा प्रश्न कोणी विचारीत नाही. परंतु ह्याच प्रश्नावर एका परदेशी पेढीने आपला सारा धंदा उभारला, आणि त्याच्या उत्तराशी ती जोवर इमान राखून होती, तोवर तिचा लौकिक वाढत गेला. ती पेढी म्हणजे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी स्थापन झालेली 'एन. डब्ल्यू. एअर अँड सन' ही जाहिरात-संस्था. तिचा जन्म इ. स. १८६९ चा आणि तिचा शेवट इ. स. २००२ चा. ह्या १३३ वर्षांचा वृत्तांत मी आज थोडक्यात सांगणार आहे.

प्रथम त्या काळची परिस्थिती पाहू. अमेरिकेत जाहिरातींची दलाली इ. स. १८४० नंतर सुरू झाली. फिलाडेल्फियाच्याच व्हॉल्नी पामर ह्या गृहस्थाला तिचा आद्य प्रवर्तक मानतात. गावोगावची वर्तमानपत्रे लहान होती. त्यांना शहरातील व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचता येत नसे, आणि व्यापाऱ्यांनाही कोणत्या गावी कोणते पत्र निघते ह्याचा पत्ता नसे. ह्या दोहोंमध्ये पामर उभा राहिला. जाहिरात गोळा करून पत्राकडे पाठवावी आणि पत्राकडून आपली दलाली कापून घ्यावी, असा त्याचा व्यवहार होता. पुढे जॉर्ज रॉवेल ह्या हुशार माणसाने वर्तमानपत्रांतील जागा घाऊक भावाने आधीच विकत घेऊन ती किरकोळीने विकण्यास आरंभ केला. शंभर पत्रांत महिनाभर एक इंच जागा, किंमत शंभर डॉलर, ही त्याची योजना इ. स. १८६५ च्या सुमारास फार गाजली. व्यापाऱ्याला सोय झाली, पत्रांना खात्रीचा पैसा मिळाला आणि दलालही गबर झाला.

ह्यात वावगे ते काय, असे कोणी विचारील. वावगे एवढेच की, पत्राला दलालाने काय दिले हे व्यापाऱ्याला कळत नसे आणि व्यापाऱ्याकडून त्याने काय घेतले हे पत्राला कळत नसे. मधला सारा फरक दलालाच्या खिशात जाई. ज्या पत्रात त्याला जास्त सुटे, त्याच पत्राची तो शिफारस करी; मग ते पत्र त्या मालासाठी योग्य असो वा नसो. पत्राच्या किती प्रती खपतात, हे तर कोणीच खरे सांगत नसे. आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. हा दलाल मात्र दोन्ही घरची पोळी खाई आणि टाळी स्वतःचीच वाजवी. साहजिकच ह्या धंद्याला समाजात प्रतिष्ठा नव्हती.

अशा ह्या धंद्यात फ्रान्सिस वेलँड एअर हा एकवीस वर्षांचा तरुण शिरला. त्याचा जन्म इ. स. १८४८ चा. वडील नेथन व्हीलर एअर हे शाळामास्तर. घरची स्थिती बेताची. मुलाने लहान वयातच खेड्यातील शाळांत शिकविण्याचे काम केले, वर्षभर विश्वविद्यालयात काढले आणि पैशाअभावी शिक्षण सोडले. वडिलांपाठोपाठ तो फिलाडेल्फियास आला आणि बाप्टिस्ट पंथाच्या एका धार्मिक साप्ताहिकासाठी जाहिराती गोळा करू लागला. त्या कामात जम बसल्यावर त्याने इ. स. १८६९ मध्ये अडीचशे डॉलरांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली.

पेढीला नाव काय दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. धंदा मुलाचा, भांडवल मुलाचे, श्रमही मुख्यतः मुलाचेच. पण पाटीवर नाव वडिलांचे आणि स्वतःचा उल्लेख केवळ 'आणि पुत्र' असा. एकवीस वर्षांच्या पोरावर कोण विश्वास ठेवणार? वडिलांच्या नावाने पेढीला वय आले, वजन आले. ह्यात पितृभक्तीही होती आणि व्यवहारही होता. वडील पुढे चारच वर्षांनी, इ. स. १८७३ मध्ये, निवर्तले. परंतु त्यांचे नाव त्या पाटीवर पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे राहिले.

दुसरी गोष्ट अशी की, प्रारंभी ह्या पेढीकडे जी अकरा पत्रे होती, ती सर्व धार्मिक साप्ताहिके होती. तरुण एअर स्वतः बाप्टिस्ट पंथाचा निष्ठावान अनुयायी होता आणि रविवारच्या धर्मशाळेत शिकवीत असे. म्हणजे त्याने धंद्याचा आरंभ आपल्या माणसांच्या ओळखीवर केला. आपणही तेच करीत आलो आहो. गावाहून आलेला मुलगा प्रथम ज्ञातिबंधूच्या खोलीवर उतरतो, ज्ञातिबंधूच्या चिठ्ठीवर नोकरीस लागतो, आणि पुढे दुकान काढले तर पहिली गिऱ्हाइके ज्ञातीतलीच असतात. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु ओळखीच्या ह्या वर्तुळाला मर्यादा असते. 'हा आपला माणूस आहे' एवढ्या भांडवलावर धंदा सुरू होतो. तो वाढवावयाचा आणि टिकवावयाचा, तर अनोळखी माणसानेही विश्वास ठेवावा असे काहीतरी जवळ असावे लागते. एअर ह्याला ते पाच-सहा वर्षांनी सापडले.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. इ. स. १८७५-७६ च्या सुमारास ह्या पेढीने आपल्या गिऱ्हाइकांपुढे एक नव्या तऱ्हेचा करार ठेवला. त्याला 'उघडा करार' असे नाव पडले. त्यातील अटी साध्या होत्या. आम्ही ह्यापुढे वर्तमानपत्राचे दलाल नाही, जाहिरात देणाऱ्याचे प्रतिनिधी आहोत. तुमच्यासाठी जागा शक्य तितक्या कमी भावाने घेऊ. पत्राला आम्ही काय दिले, तो आकडा तुम्हांला दाखवू. आणि त्यावर ठरलेल्या दराने आमचे कमिशन उघडपणे घेऊ. पेनसिल्व्हेनिया प्रांतात गुलाबाची रोपे विकणारी डिंजी आणि कॉनार्ड ही पेढी हा करार पत्करणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी होती. कमिशनचा दर प्रारंभी कमीजास्त होई. पुढे तो शेकडा पंधरावर स्थिर झाला, आणि तोच दर कालांतराने साऱ्या धंद्याचा रिवाज होऊन बसला.

हिशेब तपासणारा मनुष्य म्हणून मला ह्या कराराचे फार मोल वाटते. त्याने जगाची नीती पालटली असे मी म्हणत नाही. परंतु त्याने तीन गोष्टी केल्या. दलाल कोणाचा, हे कागदावर लिहून ठेवले. मिळकत किती, हे लपविण्याचे कारण नाहीसे केले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सल्ला आणि स्वार्थ ह्यांची काही अंशी फारकत केली. अमुक पत्रात जाहिरात द्या असे एअरचा मनुष्य सांगू लागला, तेव्हा त्या पत्राकडून त्याला चोरून काही मिळत असेल, ही शंका गिऱ्हाइकाच्या मनातून गेली. दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणाऱ्याने एक डगर सोडली आणि त्यायोगे दुसरीवर त्याचा पाय घट्ट रोवला गेला.

अर्थात ही पद्धतही निर्दोष नव्हती. जाहिरातीवर जितका खर्च अधिक, तितके पेढीचे कमिशन अधिक. मग खर्च कमी करा असा सल्ला ती कशाला देईल? हा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. इ. स. १९५६ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने जाहिरात-संस्थांच्या संघाशी जो तह केला, त्यात हा ठराविक दर सर्वांवर लादण्याची प्रथा बंद झाली. तेव्हा उघडेपणाने सारेच प्रश्न सुटतात असे नाही. परंतु उघड्या व्यवहारातला दोष कोणालाही दाखविता येतो आणि दुरुस्त करता येतो. झाकलेल्या व्यवहारातला दोष सापडण्यालाच एक पिढी जाते.

गिऱ्हाइकाचे आपण प्रतिनिधी, हे एकदा ठरल्यावर कामाचे स्वरूपही पालटले. इ. स. १८७९ मधील एक उदाहरण सांगतो. निकोल्स आणि शेपर्ड नावाची एक कंपनी मळणीयंत्रे तयार करीत असे. तिची जाहिरात कोठे द्यावी, हा प्रश्न होता. पेढीने अंदाजाने उत्तर दिले नाही. तिने देशभरच्या सरकारी अधिकाऱ्यांना आणि वृत्तपत्रांच्या चालकांना तारा केल्या, कोणत्या प्रांतात किती धान्य पिकते ह्याची माहिती मागविली, आणि ती एकत्र करून, जेथे पीक अधिक तेथील पत्रांची यादी तयार केली. आज ज्याला बाजारपेठेची पाहणी म्हणतात आणि ज्यासाठी स्वतंत्र कचेऱ्या थाटतात, तिचा हा आरंभीचा प्रयोग मानला जातो. त्यामागची बुद्धी साधी आहे : जेथे धान्यच पिकत नाही, तेथे मळणीयंत्राची जाहिरात देऊन काय उपयोग? परंतु दलाल जोवर पत्राचा होता, तोवर हा साधा प्रश्न विचारण्याचे त्याला कारण नव्हते. इ. स. १८८० पासून ह्या पेढीने देशातील वृत्तपत्रांची वार्षिक सूचीही छापण्यास आरंभ केला.

पुढे मजकूर लिहिण्याचे कामही पेढीकडे आले. पूर्वी व्यापारी स्वतःच चार ओळी खरडून देई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एअरने त्यासाठी पगारी लेखक आणि चित्रकार नेमले. त्या काळातील तिचे सर्वांत गाजलेले काम बिस्किटांचे. तोवर अमेरिकेत बिस्किटे वाण्याच्या दुकानात लाकडी पिपात सुटी पडलेली असत. ती सादळत, त्यांवर धूळ बसे, उंदीरही फिरत. इ. स. १८९८ मध्ये नॅशनल बिस्किट कंपनी स्थापन झाली आणि तिने ओलावा आत न शिरणाऱ्या पुड्यात बिस्किटे भरून विकण्याचे ठरविले. एअरचे भागीदार हेन्री मॅकिनी ह्यांनी त्या मालाला 'यूनीडा' हे नाव सुचविले. इंग्रजीत त्याचा उच्चार 'तुम्हांला हवेच' अशा अर्थाचा होतो. पावसात रेनकोट घालून बिस्किटांचा पुडा जपून नेणारा एक लहान मुलगा त्या जाहिरातींत झळकला आणि घरोघर ओळखीचा झाला. येथे जाहिरातीने खोटे काही सांगितले नाही. माल पूर्वीपेक्षा खरोखरच स्वच्छ होता आणि ते लोकांना कळविणे आवश्यक होते. बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची आपल्याकडे म्हण आहे. गहू चांगला असेल, तर त्याने बोलावे. त्यात दोष नाही.

येथवर आपण ह्या पेढीचे यश पाहिले. आता तिने काय नाकारले आणि काय नाकारले नाही, ते पाहू. कारण माणसाची पारख त्याने घेतलेल्या पैशापेक्षा परत केलेल्या पैशावरून अधिक होते. एकोणिसाव्या शतकात जाहिरातींच्या व्यवसायाचा मोठा भाग गुप्त औषधांवर चाले. एकाच बाटलीने क्षय, संधिवात आणि अशक्तता ही सारी दुखणी बरी होतात, असे ती औषधे सांगत, आणि त्यांतील पुष्कळांत मद्यार्क किंवा अफू असे. एअरच्या पेढीनेही प्रारंभी त्या औषधांच्या जाहिराती घेतल्या आणि त्यांवर चांगला पैसा मिळविला. परंतु धनी धर्मनिष्ठ होता. क्रमाक्रमाने त्याने प्रथम मद्याच्या आणि नंतर ह्या औषधांच्या जाहिराती घेणे बंद केले. इ. स. १९०५ मध्ये एका साप्ताहिकाने ह्या औषधांचे बिंग फोडणारी लेखमाला छापली आणि १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला. म्हणजे काळही त्याच दिशेने चालला होता. तरी हातचे उत्पन्न सोडणे हे सोडणेच होय.

हाच धर्मनिष्ठ गृहस्थ पेढीचा प्रमुख असताना, इ. स. १९१३ मध्ये, रेनॉल्ड्स कंपनीच्या 'कॅमल' सिगारेटी बाजारात आल्या आणि त्यांची जाहिरात एअरनेच केली. उंट येत आहेत, उंट येत आहेत, अशी हूल प्रथम वर्तमानपत्रांतून उठविण्यात आली. काय येत आहे, ते सांगितले नव्हते. लोकांचे कुतूहल शिगेला पोहोचल्यावर सिगारेटीचे पाकीट पुढे झाले. ह्या मोहिमेची नक्कल आजतागायत होत आहे. त्या काळी धूम्रपानाचे दुष्परिणाम आजच्यासारखे सिद्ध झालेले नव्हते, हे खरे. अमेरिकन सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा प्रसिद्ध अहवाल इ. स. १९६४ चा, आणि तेथील नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील सिगारेटींच्या जाहिराती बंद झाल्या त्या १९७१ च्या आरंभी. म्हणून एअरला आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ह्यावरून एक बोध घेता येतो. हिशेब चोख ठेवणे ही एक नीती आहे आणि काय विकावे ह्याचा विवेक ही दुसरी. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येते, असे नाही.

तिसरे उदाहरण आपल्या भगिनींना अधिक जवळचे वाटेल. फ्रान्सिस एअर इ. स. १९२३ मध्ये वारले. त्यांच्यामागे जावई विल्फ्रेड फ्राय ह्यांनी पेढी सांभाळली आणि १९२९ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या वॉशिंग्टन चौकात तिची भव्य इमारत उभी राहिली. पुढे, इ. स. १९३८ मध्ये, हिऱ्यांचा व्यापार हाती असलेल्या डी बिअर्स कंपनीचे हॅरी ओपेनहायमर ह्या पेढीकडे आले. मंदीमुळे हिऱ्यांचा उठाव कमी झाला होता. एअरने लोकांना हिऱ्याचा भाव सांगितला नाही, खाणीही सांगितल्या नाहीत. वाङ्निश्चयाची अंगठी हिऱ्याचीच असली पाहिजे, ही भावना तिने जोपासली. इ. स. १९४७ मध्ये फ्रान्सेस गेरेटी ह्या तेथील लेखिकेने हिरा हा चिरंतन आहे अशा अर्थाची चार इंग्रजी शब्दांची ओळ लिहिली. पन्नास वर्षांनंतर, १९९९ मध्ये, एका प्रमुख व्यावसायिक नियतकालिकाने तीच शतकातील सर्वोत्तम जाहिरात-ओळ ठरविली.

ह्या ओळीची करामत पाहा. चिरंतन वस्तू कोणी विकावयास काढीत नाही. म्हणजे एकदा घेतलेला हिरा बाजारात परत येऊ नये, हेही तीत साधले. सोने मोडावयास नेले, तर घट वजा जाता त्या दिवसाचा भाव मिळतो, हा आपल्या घरातील स्त्रियांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. हिऱ्याची अंगठी मोडावयास न्या आणि दुकानदार काय देतो, ते पाहा. दिलेल्या किमतीच्या मानाने ते पुष्कळच कमी असते. आपल्याकडे साखरपुडा म्हणजे नावाप्रमाणे साखरेचा पुडा, खणानारळाची ओटी आणि वडीलधाऱ्यांचा शब्द. आता त्यात अंगठ्यांची देवघेव रूढ झाली आहे, आणि सधन घरांत ती अंगठी हिऱ्याची असावी असा आग्रहही दिसू लागला आहे. तो आग्रह ज्याला परवडतो, त्याने पुरवावा. पण मुलीच्या बापाने त्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, ज्याला आपण रूढी समजतो, ती कधी कधी कोणाच्या तरी कचेरीत टेबलावर बसून लिहिली गेलेली असते.

असो. पेढीचा उत्तरकाळ मी आवरता घेतो. विसाव्या शतकात तिच्याकडे मोठमोठी कामे होती. अमेरिकेतील टेलिफोन कंपनीचे काम तिच्याकडे इ. स. १९०८ पासून होते. १९७३ मध्ये तिने आपले ठाणे फिलाडेल्फियाहून न्यू यॉर्कला हलविले. १९८० च्या सुमारास अमेरिकन लष्करात भरती होण्यासाठी तरुणांना आवाहन करणारी तिची मोहीम फार यशस्वी झाली. परंतु थोड्याच वर्षांत त्या कामाच्या आकारणीविषयी आरोप झाले, आणि १९८७ पर्यंत लष्कराचे काम दुसऱ्या संस्थेकडे गेले. ज्या पेढीने गिऱ्हाइकापुढे हिशेबाची वही उघडून ठेवून लौकिक मिळविला, तिच्याविषयी हिशेबाचाच प्रश्न निघावा, ह्याचे कोणाही हिशेबनिसाला वाईट वाटेल. नव्वदीच्या दशकात मोठी गिऱ्हाइके एकामागून एक सुटली, डी बिअर्सही गेले, पेढी एका मोठ्या समूहात, तो समूह त्याहून मोठ्या समूहात विलीन झाला, आणि इ. स. २००२ मध्ये एअर हे नाव बंद करण्यात आले. फिलाडेल्फियाची ती इमारत उभी आहे. तीत आता लोकांची राहती घरे आहेत.

आता आपण आपल्या घरी येऊ. मुंबईत इ. स. १९०५ मध्ये गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात-संस्था निघाली. देशातील सर्वांत जुन्या भारतीय जाहिरात-संस्थांत तिची गणना होते. म्हणजे हा धंदा मराठी मुलखाला परका नाही. आपल्या देशात चमत्कारिक गुणांचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा इ. स. १९५४ चा आहे. तंबाखूच्या जाहिरातींवर बंधने घालणारा कायदा २००३ चा. परंतु कायदा सर्वत्र पोहोचत नाही. आणि आपल्या लहानशा स्मरणिकेपर्यंत तर तो सहसा येतच नाही. तेथे आपला विवेक हाच कायदा.

आपल्या ज्ञातीतील तरुण आज शेतीत किंवा कारकुनीत अडकून राहिलेले नाहीत. कोणी विमा विकतो, कोणी घरांची दलाली करतो, कोणी गुंतवणुकीचा सल्ला देतो, कोणी विद्यार्थ्यांना परदेशी महाविद्यालयांत प्रवेश मिळवून देतो. हे सारे मधल्या माणसाचे धंदे आहेत. ह्या प्रत्येक धंद्यात दीडशे वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न उभा आहे : तुझी पोळी कोण वाढतो? समोर बसलेला ज्ञातिबंधू तुला आपला माणूस समजून विचारतो, 'कोणती पॉलिसी घेऊ, कोणते घर पाहू?' आणि तुझे कमिशन मात्र दुसरीकडून येते. किती येते, ते तो विचारीत नाही, कारण विचारणे त्याला अप्रशस्त वाटते. 'आपला माणूस' ह्या दोन शब्दांनी प्रश्न विचारण्याची वाटच बंद होते. म्हणून परक्याच्या व्यवहारापेक्षा आपल्या माणसाच्या व्यवहारात हिशेब अधिक उघडा असावा, असे माझे मत आहे. त्याने विचारण्यापूर्वी आपणच सांगावे : मला ह्यातून इतके मिळते. असे सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक जाईल. पण जो राहील, तो आणखी चौघांना घेऊन येईल.

मंडळापुढेही मी नम्रपणे दोन सूचना ठेवतो. पहिली अशी की, स्मरणिकेसाठी जाहिरातींपोटी किती रक्कम जमली, छपाईला किती लागली आणि शिष्यवृत्ती-निधीत किती जमा झाली, ह्याचा हिशेब पुढील स्मरणिकेत एका स्वतंत्र पानावर छापावा. आज तो वार्षिक ताळेबंदात असतो, हे मला ठाऊक आहे. परंतु ताळेबंद किती जण वाचतात? ज्या दुकानदाराने भिडेखातर अर्धे पान घेतले, त्याला त्या अर्ध्या पानातून एखाद्या मुलीच्या वह्यापुस्तकांची सोय झाली हे कळले, तर पुढील वर्षी तो भिडेखातर नव्हे, आपणहून पान घेईल. दुसरी सूचना अशी की, कोणत्या जाहिराती घ्यावयाच्या नाहीत, ह्याची एक छोटी यादी कार्यकारी मंडळाने ठराव करून ठेवावी. हमखास मूल होण्याचे औषध, महिन्यात दामदुप्पट, घरबसल्या दुखणे बरे, असल्या जाहिरातींचा पैसा आपण घेऊ नये. त्या जाहिरातीवर मंडळाचे नाव नसते, हे खरे. पण ती मंडळाच्या स्मरणिकेत आहे, एवढ्यानेच खेड्यातील म्हाताऱ्या आजीला ती खरी वाटते. आपण विकतो ते कोरे पान नव्हे. तिचा विश्वास विकतो.

ह्या सूचनांमुळे उत्पन्न थोडे घटेल, अशी शंका खजिनदारांना येईल. ती रास्त आहे. त्यावर एअरच्याच इतिहासाचा दाखला देतो. मद्य आणि गुप्त औषधे सोडल्यामुळे ती पेढी बुडाली नाही. तिचा मोठा उत्कर्ष त्यानंतरचाच आहे. बापाचे नाव पाटीवर लावून पोराने धंदा सुरू केला, ते नाव उसन्या प्रतिष्ठेसाठी होते. ती प्रतिष्ठा त्याने पुढे उघड्या वहीने स्वतःची करून घेतली. आपल्याही पाटीवर आपल्या वाडवडिलांचे नाव आहे, ज्ञातीचे नाव आहे. ते आपल्याला फुकट मिळाले आहे. ते फेडावयाचे कसे, हे प्रत्येकाने आपल्या वहीला विचारावे.